जीव वाचल्यानंतरचा प्रश्न



कॅन्सरमधून उठलेल्या बाईच्या शरीरसंबंधांची चर्चा म्हणजे शहरी चोचले, आधी भंडारा जिल्ह्यात तपासणी वाढवा, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. तपासणी हवीच, २०२२ साली देशात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. पण तुमसर-लाखांदूरची बाई नागपूरहून रेडिएशन घेऊन परतते तेव्हा तिचा योनिमार्ग आकसू लागतो, कोरडा पडतो. पस्तिशीतच पाळी जाऊ शकते. मार्ग फार आकसला तर डॉक्टरांना फेरतपासणीही नीट करता येत नाही. याला चोचले कसे म्हणावे? दाह ओसरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर, पाण्यात विरघळणारी जेल, काहींना इस्ट्रोजेनचे मलम, असे उपाय आहेत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन जपूनच द्यावे लागतात. डायलेटरबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे हे मान्य. म्हणून काहीच सांगू नये असे ठरत नाही.

बायका स्वतःहून विचारत नाहीत, हा दुसरा आक्षेप. गर्दीच्या ओपीडीत, सासू शेजारी उभी असताना विचारणार तरी कशी? ज्या मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये लैंगिक आरोग्यावरचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, त्या भाषेत हा विषय अजून अशिष्ट ठरावा याचे दुःख होते. नर्सनेच आडोशाला नेऊन विचारावे, नवऱ्यालाही बोलवावे, आणि संबंधातून कॅन्सर लागत नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. डिस्चार्जच्या कागदावर याच्या चार ओळी मराठीत छापायला वेगळा निधी लागत नाही.

– एक वाचक, भंडारा