परक्याच्या हाती मोजपट्टी

ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात घटलेल्या वस्तुमानाचीच ऊर्जा होते, हे अनुमान आर्थर एडिंग्टन यांनी १९२० साली मांडले. अणुसंमीलनाचा तो अग्नी पृथ्वीवर चेतवण्याच्या खटपटीला तेव्हापासून शतक लोटले, आणि या शतकाचा इतिहास जितका प्रयोगांचा, तितकाच उतावळ्या घोषणांचा आहे.

मार्च १९५१ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी एका बेटावरील गुप्त प्रयोगशाळेत अणुसंमीलन साधल्याचे जगाला सांगितले. पुढच्याच वर्षी चौकशीत दावा पोकळ ठरला. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत ही ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले. ही दोन विधाने एका पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल, कारण भाभा आशा बोलून दाखवत होते, सिद्धी नव्हे. पण ऐकणाऱ्यांनी तो फरक तेव्हाही पाळला नाही आणि आजही पाळत नाहीत. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या ‘झीटा’ यंत्रात संमीलन घडल्याची जॉन कॉक्रॉफ्ट यांनी नव्वद टक्के खात्री दिली, ती मे महिन्यापर्यंत मागे घ्यावी लागली.

म्हणूनच १९६८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी ‘टी-३’ या टोकामाकमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या कंकणाकृती यंत्रात, सुमारे एक कोटी अंशांचे तापमान गाठल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्यांनी शंका घेतली. आर्त्सिमोविच यांनी वाद घातला नाही; शीतयुद्ध ऐन भरात असताना त्यांनी ब्रिटिशांनाच मॉस्कोला बोलावले. ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेतील तुकडीने आपली लेसर-उपकरणे तिकडे नेली, प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट किती रुंदावतो ते तपासले, आणि १९६९ मध्ये रशियनांचा आकडा खरा असल्याची ग्वाही दिली. पाठोपाठ अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने स्वतःच्या स्टेलरेटर या वेगळ्या धाटणीच्या यंत्राचे टोकामाकमध्ये रूपांतर केले. संमीलनाच्या इतिहासातील हा सर्वांत उदात्त प्रसंग आहे, आणि सर्वांत विस्मृतही.

पुढे १९९७ साली युरोपच्या ‘जेट’ या टोकामाकने २४ मेगावॅट उष्णता ओतून १६ मेगावॅट मिळवले. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूलच्या लेसरमाऱ्यातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा निघाली आणि पारडे प्रथमच नफ्याकडे झुकले. हे यश निःसंशय थोर आहे. मात्र हा नफा लेसरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाच्या हिशेबात आहे. ते लेसर चालवायला वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल खेचले गेले होते. जमाखर्चाची रेघ कुठे आखली, यावर नफा-तोटा ठरतो, आणि मथळ्यांत ती रेघच गळते.

भारत ज्यात भागीदार आहे, तो फ्रान्समधील ‘इटर’ हा संमीलन-प्रकल्प ५० मेगावॅट उष्णतेतून ५०० मेगावॅट मिळवू पाहतो. नव्या वेळापत्रकानुसार त्याचे ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत, आणि तेव्हाही तो वीज निर्माण करणार नाही. त्याआधीच वीज देऊ म्हणणाऱ्या खासगी कंपन्यांकडे आज प्रचंड भांडवल वाहते आहे. त्यांच्या वेगाचे स्वागत करावे, पण संपूर्ण प्रकल्पात शिरलेल्या आणि त्यातून निघालेल्या विजेचे मोजमाप प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेच्या उपकरणांनी होऊ देण्याची अट सरकारांनी आपला पैसा देण्यापूर्वीच घालावी. मॉस्कोने ती १९६९ साली, कोणी न घालताच, पाळली होती.