शेवचेन्को कोणाचा?

तारास शेवचेन्कोला युक्रेनचा राष्ट्रकवी म्हटले की एक आक्षेप हटकून पुढे येतो. त्याने रोजनिशी रशियनमध्ये लिहिली, कादंबरिकाही रशियनमध्येच लिहिल्या. भूदासाच्या घरी जन्मलेल्या या पोराला १८३८ साली २५०० रूबल मोजून सोडवले तेही रशियन कलावंत-साहित्यिकांनी. मग तो रशियन साहित्यातलाच एक प्रांतिक कवी नव्हे काय?

पूर्वपक्षातली माहिती खरी आहे, निष्कर्ष साफ खोटा आहे. चित्रकार ब्रुल्लोवने कवी झुकोव्स्कीचे चित्र काढले, त्याची सोडत झाली आणि त्या पैशातून तारास सुटला. हे उपकार त्या माणसांचे. ते साम्राज्याच्या नावावर जमा होत नाहीत. साम्राज्याने १८४७ साली त्याला अटक केली, ओरेनबर्गच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून धाडले, आणि शिक्षेच्या कागदावर झार पहिल्या निकोलसने स्वतःच्या हाताने लिहिले: कडक पहारा, लिहिण्यास व चित्रे काढण्यास बंदी. या बंदीतही तारास लिहीत राहिला, बुटात लपवता येतील एवढ्या चिमुकल्या वह्यांत. त्या वह्यांतल्या कविता युक्रेनियन आहेत. रोजनिशी सुरू झाली ती १८५७ साली, सुटकेची वाट पाहताना. सर्वाधिक धोका असताना त्याने कोणती भाषा धरली, ते पाहा.

दुसरा आरोप संकुचितपणाचा. त्याच्या ‘हायदामाकी’ या काव्यात रक्तपात आहे आणि तो वाचताना अंगावर येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कॉकेशस’ ही कविताही त्याचीच. त्याचा मित्र याकोव द बाल्मेन १८४५ साली झारच्या फौजेतून कॉकेशसमध्ये लढताना मारला गेला. शेवचेन्कोने कविता त्याला अर्पण केली, आणि बाजू घेतली ती त्या फौजेशी झुंजणाऱ्या डोंगरी लोकांची! मित्राच्या मृत्यूचा दोष त्याने ज्यांच्या हातून तो मेला त्यांना दिला नाही. ज्यांनी त्याला तिथे पाठवले त्यांना दिला. आपल्या देशाचे दुःख भोगताना दुसऱ्या गुलाम केल्या जाणाऱ्या लोकांना ओळखणारी ही दृष्टी द्वेषातून येत नाही. माझ्या मते त्याच्या राष्ट्रकवीपणाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

आणि ‘प्रांतिक बोली’चा मुद्दा? १८६१च्या आरंभी, आजारी असताना, त्याने रविवारच्या शाळांसाठी युक्रेनियन बाराखडीचे पुस्तक स्वखर्चाने छापले, १०,००० प्रती. त्यात अक्षरे होती, अंक होते, म्हणी होत्या. मार्चमध्ये तो गेला. दोनच वर्षांनी सरकारी परिपत्रकाने या भाषेतली शालेय आणि धार्मिक पुस्तके छापण्यास मनाई केली.