फूट-इंचांपलीकडची पंचगंगा

आषाढ लागला आणि गगनबावड्याकडून, राधानगरीकडून पावसाचे वर्तमान येऊ लागले, की कोल्हापुरातील मनुष्य, मग तो शिवाजी पेठेतला असो की कसबा बावड्यातला, सकाळच्या चहाबरोबर पहिला प्रश्न विचारतो तो राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, किती इंच झाले हा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, जिल्ह्यातले किती बंधारे पाण्याखाली गेले, हे सारे येथील शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. आणि पंचगंगा पात्राबाहेर पडली, की बायकामुलांसह शिवाजी पुलाकडे पाणी पाहायला जाण्याची जी आमची जुनी वहिवाट आहे, तिला भीती म्हणावे की उत्सव, याचा निर्णय मला अद्यापि करता आलेला नाही. मात्र आश्विन सरला, पाणी उतरले, की हे कुतूहलही उतरते. पुढचे सात-आठ महिने ती नदी काय वाहून नेते, कोणाकडे नेते आणि तिच्यात आपण नित्य काय घालतो, याची चौकशी चहाच्या टपरीवर कोणी करीत नाही.

ज्या बंधाऱ्यावर आपण हे फूट आणि इंच मोजतो, त्याच्या रचनेकडेही थोडे पाहिले पाहिजे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव महाराष्ट्रभर पाटबंधारे खात्याच्या दप्तरात रूढ आहे. पात्रात दगडी खांब उभे करावेत, त्यांच्या खाचांतून पावसाळा संपताच बरगे घालून पाणी अडवावे, आणि मृगाच्या आधी ते सारे बरगे काढून घेऊन नदीला तिची वाट संपूर्ण मोकळी करून द्यावी, एवढीच त्याची युक्ती. निसर्गाशी करार करावा, त्याच्यावर फर्मान सोडू नये, ही समज ज्या मुलखाने आपल्या नावासह इतरांना दिली, त्या मुलखाच्या राजधानीने स्वतःच्या विस्तारात मात्र बरगे कायमचे ठोकून टाकले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. तळे बुजवणाऱ्यांना ते बुजल्याचे वाटले. पाण्याला तसे वाटलेले दिसत नाही, कारण चांगला पाऊस झाला की गांधी मैदान आजही आपल्या मूळ नावाला जागून तळे होते आणि खेळणारी पोरे काठावर उभी राहतात.

तळ्यांचे झाले ते नदीकाठाचेही होत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी, ज्यांतील शेवटच्या दोहोंत राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी दिवसचे दिवस बंद राहिला, पूररेषा म्हणजे काय हे घरोघरी शिकवले. तरीही त्या रेषेच्या आत भराव टाकण्याचे काम पाणी ओसरताच पूर्ववत सुरू होते. आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद खरा आहे आणि तो कर्नाटकाशी नेटाने भांडलाही पाहिजे. परंतु आलमट्टीची भिंत कोणी किती उंच करावी हे आपल्या हाती नाही, आणि नदीच्या कुशीत पडणारी डंपरभर माती मात्र सर्वस्वी आपल्या हद्दीत, आपल्याच मंजुरीने अथवा आपल्याच डोळेझाकीने पडते.

जुन्या कोल्हापुरात एका भागाचे नाव ‘पाण्याचा खजिना’ असे आहे. सरकारी जमाखर्चातला हा शब्द लोकांनी पाण्याच्या साठ्याला लावला, यात मला मोठा अर्थ दिसतो; कारण खजिना म्हटला की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की जमेबरोबर खर्चाची बाजू आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेणाऱ्या शाहू महाराजांच्या मनात संस्थानच्या पाण्याचा असा अखंड हिशेब असावा, असे ते काम पाहताना वाटते. आपण जमेची बाजू तेवढी वाढवीत गेलो. कळंब्याचे तळे अपुरे पडले तेव्हा बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर येथून उपसा झाला. महापुरात हीच उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहराला टँकरपुढे रांग लावावी लागली. मग अनेक वर्षांच्या मागणीनंतर, आंदोलनांनंतर आणि रखडपट्टीनंतर काळम्मावाडीच्या धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन आली, आणि २०२३ च्या दिवाळीत तिचे पाणी शहराच्या वेशीवर पोहोचले तेव्हा लोकांनी केलेला आनंद अगदी रास्त होता.

त्या आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र बोलायची राहून गेली. ज्या नदीचे पाणी आपल्याला प्यायचे नाही, त्या नदीची काळजी आपण यापुढे कोणत्या कारणाने करणार? स्वार्थ हा क्षुद्र हेतू आहे खरा; पण नद्यांच्या बाबतीत आजवर जे थोडेफार झाले, ते त्याच्याच धाकाने झाले. प्रामाणिकपणे सांगायचे तर पूर्वीही शहर पाणी घेत असे ते वरच्या अंगाला आणि जयंती नाल्यातून, दुधाळी नाल्यातून आपली घाण सोडत असे ती खालच्या अंगाला. थेट पाइपलाइनने हे अंतर लांबवले, एवढेच. ज्या जयंतीला आज आपण नाला म्हणतो ती एके काळी नदी होती. शहराने तिचे नाव बदलले आणि मग त्या नावाला शोभेल असे वागायला सुरुवात केली. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे, आणि पंचगंगा कृष्णेला भेटते ते नरसोबाची वाडी आहे, जिथे दत्ताच्या पादुकांना पाण्याने स्नान घातले की आपण भक्तिभावाने हात जोडतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. पुढे त्या शहराने पंचगंगेचा नाद सोडून दूधगंगेचे पाणी मागितले, तर सुळकूडच्या योजनेला कागलकडील गावांनी विरोध केला. वरच्याने घाण सोडावी, खालच्याने दुसरी नदी शोधावी आणि त्या दुसऱ्या नदीकाठच्याने दार लावून घ्यावे, हा क्रम कोठे थांबायचा?

सांडपाण्यासाठी काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कसबा बावड्यात दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता उभी आहे. पण जयंती नाल्यावरचा उपसा मोठ्या पावसात अथवा वीज गेल्यावर थांबला, की नाला सांडव्यावरून थेट नदीत उतरतो, हे शहरास ठाऊक आहे. आणि भोवतालच्या वाढत्या गावांचे सांडपाणी तर महापालिकेच्या कोणत्याच हिशेबात येत नाही. १९७२ साली महापालिका झाली, तरी हद्दवाढीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१७ साली ४२ गावांचे विकास प्राधिकरण स्थापन झाले. हद्दीचा वाद माणसांनी खुशाल चालवावा, पण सांडपाण्याची वाहिनी तरी गावाच्या पाटीपाशी थांबवू नये.

नागरिकांकडे वळताना मी उपदेशाचा सूर लावणार नाही, कारण या गावाला तो मानवत नाही आणि त्याची गरजही नाही. गंगावेशीत संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळली जाते आणि फेसाळ दुधाचा पेला तिथेच तोंडाला लावला जातो. त्या व्यवहारात ना पिशवी, ना टोपण, ना कचऱ्याचा डबा. तुटलेली कापशी चप्पल पुन्हा शिवून घेणारी माणसे अजून या शहरात आहेत, आणि तिचे कातडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावण्याची विद्याही. घरच्या गणपतीची मूर्ती नदीत न सोडता दान करण्याची, इराणी खणीत विसर्जित करण्याची आणि निर्माल्य वेगळे देण्याची चाल येथे रुळली, ती दंडाच्या भीतीने खचितच रुळली नाही. आणि ज्या शहराने वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून टोल रद्द करवून घेतला, त्याला संघटित होणे शिकवावे लागेल असे कोण म्हणेल? प्रत्येक पेठेला तालीम आहे, प्रत्येक तालमीला तिचा मान आहे. फुटबॉलच्या एका सामन्यासाठी जी ईर्षा शाहू स्टेडियमवर उसळते, तिच्यातला चतकोर भाग जरी आपापल्या पेठेतल्या ओढ्याच्या, बुजत चाललेल्या विहिरीच्या वाट्याला आला, तरी महापालिकेच्या अभियंत्यांचे निम्मे काम हलके होईल. रंकाळा तलावावर केंदाळ माजले म्हणजे आपण हळहळतो. ते केंदाळ ज्या सांडपाण्यावर पोसते ते कोणत्या घरांतून येते, हे मात्र तालमीतल्या पोरांना अधिकाऱ्यांपेक्षा अधिक अचूक माहीत असते.

शासनाकडे, महापालिकेकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे: पूररेषेतील भरावांची जाहीर मोजणी, महामार्गाच्या भरावाऐवजी पाण्याला वाट देणारे खांब, केएमटी बसचे सुधारलेले वेळापत्रक, लाइन बाजारच्या कचऱ्याच्या डोंगराचा शेवट. मी तूर्त एकच लहानशी मागणी करतो, जिला फार खर्च नाही. राजाराम बंधाऱ्याच्या फूट-इंचांचा आकडा जसा पावसाळ्यात रोज जाहीर होतो, तशी दुसरी एक पाटी शिवाजी पुलापाशी बारा महिने लावावी, आणि काल दिवसभरात शहरातून किती सांडपाणी निघाले, किती शुद्ध झाले आणि किती तसेच नदीत गेले, एवढे तीन आकडे तिच्यावर रोज सकाळी खडूने लिहावेत. तिसरा आकडा लिहिताना पहिले काही दिवस लिहिणाऱ्याचा हात अडखळेल. पण पूर पाहायला लोटणारे आमचे लोक तो आकडा पाहायलाही पुलावर गर्दी करतील, आणि आठ दिवसांत चहाच्या टपरीवर त्याचीही चर्चा सुरू होईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.