पाहुणा की गिऱ्हाईक?

पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या अमेरिकन माणसाला सल्ला देणे हा अमेरिकेत चांगला जम बसलेला धंदा आहे. वकिलीचे शिक्षण घेतलेला आर्थर फ्रॉमर नावाचा एक तरुण लष्करी सेवेच्या निमित्ताने जर्मनीत होता. त्याने प्रथम आपल्या सैनिक बांधवांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली आणि १९५७ साली 'युरोप ऑन ५ डॉलर्स अ डे' हे पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपची वारी ही लक्षाधीशांचीच मिरास नव्हे, शाळामास्तर आणि टंकलेखकही ती करू शकतो, असे त्याचे सांगणे. दुसऱ्याच वर्षी जेट विमाने अटलांटिकवरून उतारूंची ने-आण करू लागली, १९५९ साली अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास निघाला, आणि जो लोंढा सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. १९८० साली रिक स्टीव्ह्ज यांच्या 'युरोप थ्रू द बॅक डोअर' या पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. एकच हलकी बॅग न्या, आणि आपण पुन्हा येणारच आहोत असे समजून प्रवास करा, हे त्यांचे सांगणे आता त्या देशात घरोघर पाठ झालेले आहे.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, परक्या घरी कसे वागावे हा प्रश्न साहित्याचा आणि समाजशास्त्राचाही आहे. मार्क ट्वेन १८६७ साली 'क्वेकर सिटी' या आगबोटीने यात्रेकरूंच्या एका मोठ्या जथ्याबरोबर निघाला आणि १८६९ साली त्याचे 'द इनोसन्ट्स अब्रॉड' आले. त्यात जिनोव्हाचा वाटाड्या मोठ्या अभिमानाने कोलंबसाच्या हातचे पत्र दाखवतो, तेव्हा ही मंडळी वेड पांघरून पेडगावला जातात आणि अक्षरालाच नावे ठेवतात. विनोद उत्तमच आहे. पण पैसे मोजले आहेत, आता तुम्ही आमची करमणूक करा, हा भाव त्या काळापासूनचा आहे. शिवाय आज आपल्यापैकी कित्येकांच्या आत्या, मावश्या, चुलतभाऊ अमेरिकेचे नागरिक झालेले आहेत. युरोपात उतरताना तेही अमेरिकन प्रवासीच असतात.

या सल्ल्यांच्या पुस्तकांविषयी माझी तक्रार एकच आहे. काय करावे ते ती बिनचूक सांगतात. तसे का, याची उकल बहुधा करीत नाहीत. आणि 'का' कळले नाही की प्रवाशाला ती त्या लोकांची लहर वाटते. अमेरिकन माणूस दुकानात शिरतो तो गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाईक हा देव, दुकानदार त्याचा पुजारी. फ्रान्समध्ये दुकानात शिरणारा हा काहीसा पाहुण्यासारखा असतो. ते दुकान म्हणजे दुसऱ्याचे घर. म्हणून दारातून आत पाऊल टाकताच 'बोंझूर मादाम' किंवा 'बोंझूर मस्यू' म्हणायचे, मग जे हवे ते मागायचे आणि निघताना निरोप घ्यायचा. पावाच्या दुकानात घुसून थेट बोट दाखवणाऱ्याला पाव मिळतो, पण त्याच्याबरोबर एक थंड नजरही मिळते. मग तो मायदेशी जाऊन सांगतो, फ्रेंच लोक भारी उर्मट. वास्तविक त्या बाईंच्या हिशेबी उर्मटपणा आधी त्यानेच केलेला असतो. फ्रेंच येत नसले तरी चालेल. चार शब्द आले तर पुढचे इंग्रजीत निभावते. ते चार शब्द आधी बोलले पाहिजेत, इतकेच.

उपाहारगृहात हाच घोळ अधिक मोठ्या प्रमाणावर होतो. अमेरिकेत जेवण संपता संपता वेटर बिल आणून ठेवतो. टेबल मोकळे झाले की दुसरे गिऱ्हाईक बसेल आणि त्याला दुसरी टिप मिळेल. पॅरिसमध्ये वा रोममध्ये न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला 'आता उठा' म्हणण्यासारखे आहे. अमेरिकन पाहुणा अर्धा तास चुळबुळत बसतो, आपल्याकडे दुर्लक्ष होते आहे असे समजतो आणि संतापतो. बिल मागावे, म्हणजे येते.

टिपेची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे; उरलेला खड्डा टिपांनी भरून निघावा अशी अपेक्षा असते. अनेक राज्यांनी ही रक्कम वाढवली आहे हे खरे, पण रीत तीच राहिली. म्हणजे वेटरचा पगार गिऱ्हाईक देते, आणि म्हणून १५ ते २० टक्के ठेवले नाहीत तर ती चोरी वाटते. फ्रान्समध्ये १९८७ पासून दरपत्रकावरच्या किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असला पाहिजे असा नियम आहे. वेटरला पगार मालक देतो. वर दोन-चार नाणी ठेवली तर तो आनंदाचा भाग, कर्तव्य नव्हे. जर्मनीत रक्कम वाढवून पूर्णांकात सांगायची आणि ती पैसे देतानाच तोंडाने सांगायची असते. टेबलावर नाणी टाकून निघून जाण्याची तिथली पद्धत नाही. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम असते. ती टिप नाही आणि फसवणूकही नाही, तो बसण्याचा आकार आहे. तिथे कॉफीही उभ्याने प्याल तर एक भाव, बसून प्याल तर दुसरा. अमेरिकन माणूस उदारपणे वीस टक्के ठेवून येतो तेव्हा त्याला आपण चांगुलपणा केला असे वाटते. मला विचाराल तर आपल्या देशातली एक दुखरी व्यवस्था तो नकळत दुसऱ्याच्या देशात रुजवत असतो. किमतीत कर धरलेला असतो याचेही त्याला नवल वाटते, कारण त्याच्याकडे कर गल्ल्यावर चढतो. आपल्याला नाही वाटणार. आपल्या पुड्यांवर 'सर्व करांसह' छापलेलेच असते.

आता रविवार. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात आणि शनिवारी रात्री पोचलेल्या प्रवाशाला दूध मिळवायला मोठ्या रेल्वे स्थानकावर जावे लागते. ही आळसाची खूण नव्हे, तो राज्यघटनेचा भाग आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे स्वीकारले. इटली आणि स्पेनमधील लहान गावांत दुपारी दुकानांची दारे लागतात. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यात काही शिकण्यासारखे नाही! ऑगस्टमध्ये पॅरिसच्या कितीतरी दुकानांवर 'सुट्टीनिमित्त बंद' अशी पाटी लागते. तिच्यामागेही इतिहास आहे. १९३६ साली फ्रान्समधील कामगारांनी देशभर संप केले आणि त्यातून सर्वांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. १९८२ पासून ती पाच आठवड्यांची झाली. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तर कोणत्याही सदस्य देशात वर्षाला चार आठवड्यांपेक्षा कमी पगारी रजा देता येत नाही. अमेरिकेत संघराज्याचा असा कायदाच नाही. रजा द्यायची की नाही आणि किती, हे मालक ठरवतो.

माझ्या मते या प्रवाशाचे सगळे दुखणे इथे आहे. बारा दिवसांत सात देश का? तर त्याच्याजवळ बाराच दिवस आहेत आणि पुढचे बारा दिवस कधी मिळतील याचा भरवसा नाही. लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, म्युनिक, व्हेनिस, रोम अशी तो धाव घेतो, त्याला आपण हसतो. १९६९ साली 'इफ इट्स ट्यूजडे, धिस मस्ट बी बेल्जियम' नावाचा एक चित्रपट निघाला, त्यात अमेरिकन लोक स्वतःही स्वतःला हसले. परंतु हा उतावळेपणा स्वभावाचा कमी आणि कायद्याचा अधिक आहे. बंद दुकानापुढे चिडून उभा असलेला प्रवासी आणि समुद्रकिनारी गेलेला दुकानदार यांच्यामध्ये एक रजेचा कायदा आहे: एकाला तो लाभला, दुसऱ्याला नाही. हे ज्याला पाटीपुढे उभे असताना सुचेल त्याची सहल वसूल झाली असे मी म्हणेन. आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांच्या 'अकरा दिवसांत नऊ देश' या जाहिराती वाचणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

म्हणून दोन आठवडे असतील तर तीन शहरे पुष्कळ झाली. दर मुक्काम हलवण्यात बॅग भरणे, स्थानक गाठणे, नवी खोली शोधणे यांत अर्धा दिवस जातो, हे वेळापत्रकात कोणी लिहीत नाही. जे अवश्य पाहायचेच ते मात्र आधी ठरवावे लागते. मिलानमध्ये लिओनार्दोच्या 'अखेरचे भोजन' या भित्तिचित्रापुढे आधी आरक्षण करूनच जाता येते आणि तेही पंधरा मिनिटे. ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँक गृहाची तिकिटे दारावर मिळतच नाहीत. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटे संगणकावर खुली होतात आणि झटपट संपतात.

बारीकसारीक गोष्टींत आपण अमेरिकनांपेक्षा सुखी आहोत. पहिला मजला म्हणजे जमिनीवरचा नव्हे त्यावरचा, तारखेत आधी दिवस मग महिना, वेळापत्रकात १८.४० म्हणजे संध्याकाळ, वीज २३० व्होल्टची: हे सगळे आपल्याला घरचेच. अमेरिकन माणूस ०५/०८ चे आरक्षण ऑगस्टऐवजी मे महिन्याचे समजतो आणि ११० व्होल्टचे केस वाळवण्याचे यंत्र पहिल्याच सकाळी जाळतो. जर्मनीत १.५०० म्हणजे दीडहजार आणि १,५० म्हणजे दीड, इथे मात्र आपणही चकू. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते, डॉलरमध्ये की युरोत? युरोच म्हणावे. डॉलर म्हटले की विनिमयाचा दर दुसराच कोणी लावतो आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

रेल्वे आणि मोटारीच्या बाबतीत भाबडेपणा महाग पडतो. जर्मन शहरांत भुयारी रेल्वेच्या दाराशी फाटक नसते, कोणी अडवत नाही. पण साध्या वेशातला तपासनीस आला आणि तिकीट नसले तर ६० युरो दंड, पाहुणा असा वा पंतप्रधान. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय मोटार नेता येत नाही; वेशीवर कॅमेरा असतो, आणि दंडाचा कागद भाड्याच्या मोटारीच्या कंपनीकडून पत्ता घेऊन महिन्यांनंतर घरी येतो. खिसेकापूंचे भय मात्र जरा अति सांगितले जाते. बार्सिलोनाचा ला रांब्ला रस्ता, पॅरिसची मेट्रो, रोमची ६४ क्रमांकाची बस इथे पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. मुंबईच्या लोकलने गेलेल्याला याहून अधिक काय सांगायचे?

आता माझ्याच म्हणण्यावरचा एक आक्षेप. युरोप तरी कुठे पाहुणचार करतो आहे? व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी शहरात शिरण्याचे ५ युरो घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. यजमानच दारावर तिकीट लावीत असेल तर येणाऱ्याने गिऱ्हाईक होऊ नये तर काय करावे? आक्षेप वजनदार आहे. पण व्हेनिसचा नियम नीट पाहावा. जो शहरात मुक्काम करतो त्याला हे प्रवेशशुल्क नाही, तो राहण्याचा कर वेगळा भरतोच. शुल्क आहे ते सकाळी येऊन छायाचित्रे काढून संध्याकाळी जाणाऱ्याला. बार्सिलोनातला राग घरभाडी वाढल्याचा होता, कारण राहती घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली. तेव्हा परवाना असलेल्या लहान हॉटेलात उतरणे हा केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. तिथल्या रहिवाशाचे घर आपण घेऊ नये, असे मला वाटते.

राहिला कागदपत्रांचा भाग. अमेरिकन नागरिकाला शेंगेन करारातील देशांत, म्हणजे आता २९ देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. हे ९० दिवस सर्व देश मिळून असतात, प्रत्येक देशात वेगळे नव्हेत. यात पुष्कळ जण फसतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन नोंद करण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा दिवस मोजण्यात चालढकल आता खपणार नाही. ब्रिटन या करारात नाही आणि जानेवारी २०२५ पासून अमेरिकनांना तिथे जाण्यापूर्वी संगणकावरून परवानगी घ्यावी लागते.

आणि ज्या मराठी घरात मुलगा अमेरिकन झाला आहे व आईवडील भारतीय राहिले आहेत, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. दोघांच्याही पारपत्राचे कव्हर निळेच असते, पण मुलगा सरळ विमानात चढतो आणि वडिलांना बँकेचे उतारे, विमा, हॉटेलचे आरक्षण घेऊन व्हिसा केंद्रात ९० युरो भरून बसावे लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आल्यावर नाही. मुलाने वडिलांची तारीख पक्की झाल्यावर मगच स्वतःचे तिकीट काढावे.