अंग लवचीक, पण सांधे दुखरे

शाळेत असताना तिच्या अंगठ्याचे सगळ्यांना कौतुक होते. मनगट वाकवून ती अंगठा सरळ हाताला टेकवायची आणि वर्गातल्या मुली डोळे विस्फारून पाहत राहायच्या. स्नेहसंमेलनात योगासनांची प्रात्यक्षिके असली की तिचे नाव सर्वांत आधी. आज ती अडतीस वर्षांची आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवताना तोच अंगठा सटकतो. सपाट रस्त्यावर चालताना पाय मुरगळतो. गर्दीच्या बसमध्ये वरचा दांडा धरला आणि ब्रेक लागला, तर खांदा निखळेल की काय अशी धास्ती वाटते. रात्रीच्या पोळ्या लाटून होईपर्यंत मनगटे ठणकू लागतात.

रक्त तपासून झाले, एक्स-रे काढून झाले. सगळे नॉर्मल. नवरा म्हणतो, "अगं, काही निघालं नाही, ही चांगलीच गोष्ट नाही का?" सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत, पण शेजारणीजवळ "आमच्या सूनबाईंचं रोज काहीतरी नवीन दुखतं," असे म्हटलेले तिच्या कानावर येतेच. हळूहळू तिलाही वाटू लागते, आपलेच काही चुकते आहे का? आपण उगाच बाऊ करतो आहोत का?

असा अनुभव घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि काही पुरुषही. त्यांचे दुखणे खरे असते. फक्त ते एक्स-रेमध्ये दिसत नाही, कारण दोष हाडांत नसून हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांत असतो. हे अस्थिबंध मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. काही जणांच्या अस्थिबंधांची घडणच जन्मतः जास्त ताणली जाणारी असते, त्यामुळे सांधा नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त वळतो. हे बहुधा घराण्यातून येते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि वय वाढते तसे कमी होत जाते.

एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. लवचीक सांध्यांच्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. नृत्यात किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये तर त्याचा फायदाच होतो. काहींना मात्र त्रास होतो. अस्थिबंधांनी करायचे काम स्नायूंना करावे लागते. सांधा जागेवर धरून ठेवण्यासाठी ते दिवसभर राबतात आणि संध्याकाळी थकून दुखू लागतात. शिवाय सांधा या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, याची मेंदूला मिळणारी सूचनाही अशा लोकांत थोडी कच्ची असते. दाराच्या चौकटीला खांदा आपटणे किंवा पाय वेडावाकडा पडणे हा नेहमी वेंधळेपणाच असतो असे नाही.

सांधे कितपत सैल आहेत, हे पाहण्यासाठी डॉक्टर ९ गुणांची एक साधी चाचणी घेतात. तिला बेटन स्कोअर म्हणतात. करंगळी मागे ९० अंशांपेक्षा जास्त वळते का, अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ करताना १० अंशांपेक्षा जास्त मागे झुकतात का, हे दोन्ही बाजूंना पाहून प्रत्येकी एक गुण दिला जातो. नववा गुण, गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर. पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांत ५ किंवा अधिक, आणि पन्नाशीनंतर ४ गुण मिळाले तर सांधे सैल मानतात. आज जमत नाही पण लहानपणी जमत होते, हेही डॉक्टरांना अवश्य सांगावे. घरी ही चाचणी करताना जोर मात्र लावू नये.

२०१७ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी या विकारांची नवी वर्गवारी केली. सैल सांध्यांमुळे त्रास होत असेल तर त्याला 'हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर' म्हणतात. सोबत मऊ, ताणली जाणारी त्वचा, हर्निया, अंग बाहेर येणे, घरात इतरांनाही हाच त्रास अशी ठरावीक लक्षणे असतील, तर 'हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस' हे नाव दिले जाते. दोन्हींसाठी रक्ताची निर्णायक तपासणी नाही आणि उपचारही जवळजवळ सारखेच आहेत, तेव्हा नावाच्या मागे फार धावू नये. एक अपवाद मात्र गंभीर आहे. घराण्यात कुणाची रक्तवाहिनी, आतडे किंवा गर्भाशय तरुणपणीच अचानक फाटले असेल, तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात टाळाटाळ करू नये.

उपचारांच्या बाबतीत बहुतेकांची इथेच चूक होते. अंग दुखते म्हटले की कुणीतरी सुचवते, "योगवर्गाला जा, अंग मोकळं होईल." ती जाते. पहिल्याच दिवशी तिचे पश्चिमोत्तानासन सर्वांत सुंदर होते, शिक्षक कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवत नाही. आधीच सैल असलेले अस्थिबंध आणखी ताणून काय मिळणार? तिला हवी आहे ती ताकद. योग सोडण्याची गरज नाही. पण शरीर जिथपर्यंत जाऊ शकते त्याच्या बरेच अलीकडे थांबावे, कोपर आणि गुडघे मागे झुकवून 'लॉक' करू नयेत आणि शिक्षकांना आधीच कल्पना द्यावी.

फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलक्या व्यायामाने सुरुवात करावी. भिंतीला तळवे टेकवून शरीर पुढेमागे करणे, खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून धरणे, स्वयंपाकघरातील ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, एवढेही सुरुवातीला पुरे. आठवड्याआठवड्याने थोडे थोडे वाढवावे. फरक दिसायला काही महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नये. दुखते म्हणून नुसते पडून राहिल्यास स्नायू आणखी दुबळे होतात. मनगटाचा किंवा गुडघ्याचा पट्टा कामापुरता वापरावा. औषधांच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेणे पोटाला आणि मूत्रपिंडांना महागात पडू शकते.

घरकामात थोडे बदल केले तरी आराम पडतो. सुरी जाड मुठीची घ्यावी, झाकण रबरी कापडाने धरून फिरवावे, बादली अर्धीच भरावी, मोबाइल हातात धरून तासन्‌तास अंगठा चालवू नये. कणीक घरातल्या दुसऱ्या कुणी मळली तर पोळीच्या चवीत फरक पडत नाही! सर्वांत कठीण असते ते चांगल्या दिवशी स्वतःला आवरणे. आज बरे वाटते म्हणून माळ्यावरची सगळी भांडी एका दमात घासायला काढायची आणि पुढचे तीन दिवस कण्हत काढायचे, असे दिवाळीच्या आधी अनेक घरांत घडते. तेच काम चार दिवसांत वाटून केले तर निभावते.

उभे राहताच चक्कर येणे, छातीत धडधडणे, सततचा थकवा किंवा पोटाच्या तक्रारी अशा लोकांत बरेचदा आढळतात. त्या वेगळ्या समजून लपवू नयेत. दात काढताना भुलीचे इंजेक्शन काहींना नीट लागू पडत नाही, तेव्हा दंतवैद्यांना आधी सांगावे. गरोदरपणात सांधे आणखी सैल होतात, म्हणून प्रसूतितज्ज्ञांनाही माहिती द्यावी. सांधा सुजून लाल किंवा गरम झाला, ताप आला किंवा सकाळी तासभर सांधे आखडलेले राहिले, तर सैलपणाला दोष देत न बसता आमवाताची तपासणी करून घ्यावी. खांदा निखळलाच तर कुणाकडून ओढून बसवून न घेता रुग्णालयात जावे.

आणि घरातल्या मुलीचा अंगठाही आईसारखाच हाताला टेकत असेल, तर तिला खेळापासून दूर ठेवू नये. तिला पोहू द्यावे, सायकल चालवू द्यावी, पळू द्यावे. फक्त पाहुणे आले की "दाखव गं तुझी गंमत," असे मात्र तिला म्हणू नये.