ओरडण्याला नव्हे, वेळेला खाऊ द्या

आमच्या घरी दोन गिनीपिग आहेत. फ्रिजचे दार उघडले किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली, की दोघे ‘व्हीक, व्हीक’ अशी कर्कश शिट्टी सुरू करतात. पहाटे पाचला पाणी प्यायला उठले तरी तेच! शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही काकडीचा तुकडा पुढे करायचो. आवाज बंद व्हायचा. पण खरे तर त्या उपायानेच आजार वाढत होता.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांना अन्नाआधीच्या नुसत्या संकेतानेही लाळ सुटू लागली. आमच्याकडे पिशवीचा आवाज हा तो संकेत. पुढचा धडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा. कधी मिळणारे, कधी न मिळणारे बक्षीस सवय सर्वांत चिवट करते. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्यांदा तुकडा दिला, तर आपण त्यांना अधिक वेळ ओरडायलाच शिकवतो.

म्हणून भाजीची वेळ ठरवा आणि क्षणभर शांतता झाल्यावरच ती द्या. पिशवीचा आवाज दर वेळी खाण्याशी जोडू नका. सुरुवातीला आरडाओरडा वाढेल. तेव्हा घरातल्या सर्वांनी ठाम राहायला हवे. आजोबांनी गुपचूप गाजर दिले, की सगळे मुसळ केरात.

मात्र शिस्त म्हणजे उपासमार नव्हे. वाळलेले गवत चोवीस तास समोर हवेच. यांचे दात आयुष्यभर वाढतात, ते चघळण्याने झिजतात. आतडेही सतत तंतुमय अन्न मिळाले तरच नीट चालते. आवाज थांबवण्यासाठी फळे, गाजर, बिस्कीट देत राहिलो, तर वजन वाढते, पोट बिघडते. रोज थोडी ढोबळी मिरची मात्र द्यावी. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. 1907 मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांना याच प्राण्यात स्कर्व्ही आढळला आणि त्या रोगाच्या अभ्यासाला वाट मिळाली.

ओरडणाऱ्या गिनीपिगची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती गप्प झालेल्याची. पिशवी वाजूनही जो कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही, ज्याच्या लेंड्या कमी झाल्या आहेत, त्याला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. ‘उद्या बघू’ म्हणेपर्यंत उशीर होऊ शकतो. आणि घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी चुकूनही देऊ नका. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि जिवावर बेततात.

रुग्णालयातही आम्ही हेच शिकतो. मोठ्याने रडणाऱ्या बाळापेक्षा दूध न पिता निपचित पडलेल्या बाळाकडे आधी धावायचे. घरातल्या या शिट्टीलाही म्हणूनच शिस्त लावा, पण ती ऐकू येते आहे ना, याकडे रोज कान असू द्या.