सेकंड हँड गाडी, फर्स्ट हँड खर्च

इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं की ऑफिसात दोन जमाती दिसतात. पहिली टू-बीएचकेच्या साइट्स उघडते. दुसरी गुपचूप जुन्या गाड्यांचं अॅप उघडते आणि सर्चमध्ये टाइप करते, 'ऑक्टाव्हिया आरएस'. आजचा कॉलम या दुसऱ्या जमातीसाठी. पहिलीनं वाचला तरी चालेल, कारण हप्त्याचं गणित दोघांनाही चुकत नाही!

या गाडीचं वेड लागतं, ते का? दिसायला चार दारांची सभ्य फॅमिली कार. आई-बाबा मागे आरामात बसतात, लग्नाच्या बॅगा ५९० लिटरच्या डिकीत मावतात आणि सोसायटीच्या वॉचमनलाही काही वेगळं वाटत नाही. पण २०१७ साली भारतात आलेल्या आरएसमध्ये २.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, २३० पीएसचं. थांबलेल्या गाडीपासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सात सेकंदही लागत नाहीत. (एक्स्प्रेसवेवर स्पीड लिमिट तेवढंच, १००. म्हणजे सात सेकंदांत मजा संपली. असो.)

त्यात गाड्या मोजक्याच. २०२० साली आलेल्या आरएस २४५ च्या भारतात फक्त २०० गाड्या विकल्या गेल्या. २०२५ मध्ये नवीन पिढीच्या अवघ्या १०० आल्या, किंमत ४९.९९ लाख, एक्स-शोरूम. २०१७ ची आली तेव्हा २४.६२ लाखांना होती. म्हणजे नवीन हाताबाहेर गेली, पण जुनी आपल्या बजेटमध्ये येऊन उभी राहिली. इथेच मन म्हणतं, 'घे रे, नवीन साध्या एसयूव्हीच्या पैशात आरएस!'

थांबा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेल्या गाडीचा टर्बो, ब्रेक डिस्क किंवा गिअरबॉक्सचा पार्ट हा त्या मोठ्या गाडीचाच पार्ट असतो. काउंटरवरचा माणूस तुम्ही गाडी केवढ्याला घेतली ते विचारत नाही. म्हणून पहिला नियम: सगळं बजेट गाडीवर उडवायचं नाही. १८ लाख असतील तर १५ ची गाडी बघा. उरलेले तीन लाख एफडीत ठेवा आणि घरी सांगा की तेही गाडीचेच आहेत.

डीएसजी म्हणजे नक्की कोणती?

'स्कोडाची डीएसजी? नको रे बाबा!' हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डीएसजी नावाचे गिअरबॉक्स एकाहून जास्त आहेत. साध्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा बॉक्स आहे. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये तो तापतो आणि त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या तक्रारी जगभर झाल्या. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीपायी ३.८४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. २०१७ च्या आरएसमध्ये मात्र सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा बॉक्स आहे. तो जास्त दणकट. अट एकच, साधारण ६० हजार किलोमीटरला त्याचं ऑइल आणि फिल्टर बदललेलं हवं. बिल दाखवा म्हणा. 'बदललंय हो, बिल सापडत नाही' याचा अर्थ बदललेलं नाही.

इंजिनाचंही तसंच. या पिढीचं टर्बो इंजिन मुळात चांगलं. नेहमीचं दुखणं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. तिथून कूलंट झिरपतं. बॉनेट उघडून गुलाबी-जांभळट डाग शोधा, कूलंटची लेव्हल बघा. त्याआधीची, २०११ ची लॉरा आरएस (१.८ लिटर, १६० पीएस, मॅन्युअल) स्वस्तात मिळाली तर आणखी सावध. त्या पिढीच्या इंजिनात ऑइल पिण्याची आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरची तक्रार असायची. मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिनाला स्टार्टर मारला की पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट ऐकू येतो. गरम गाडी बरंच काही लपवते.

गाडी नाही, मालक बघा

आरएस कोणी ऑफिसला जायला घेत नाही. घेणारा शौकीन असतो. आता शौकीन दोन प्रकारचे. एक दहा हजार किलोमीटरच्या आतच ऑइल बदलणारा, इंजिन गरम झाल्याशिवाय पाय न दाबणारा. दुसरा घरी आणल्या आणल्या 'स्टेज वन' रिमॅप करून पॉवर वाढवणारा आणि विकताना पुन्हा ओरिजिनल सॉफ्टवेअर टाकणारा. दोघांच्या गाड्या फोटोत सारख्याच चमकतात.

फरक कळायचा कसा? थोडं डिटेक्टिव्ह व्हायचं.

* या गाड्यांची नस माहीत असलेल्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. फॉल्ट कोडसोबत तो किती किलोमीटरला आला हेही बहुतेक वेळा नोंदलेलं असतं. मीटर ५० हजार दाखवतोय आणि जुना फॉल्ट ८० हजारांचा असेल, तर नमस्कार करून निघा.
* अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिममध्ये रिमॅप पकडली गेली असेल तर 'टीडी१' अशी नोंद असते. विचारून घ्या.
* टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर चार कंपन्यांचे आणि चार वर्षांचे असतील तर मालकाने आणखी कुठे कुठे काटकसर केली असेल, याचा अंदाज करा.
* लिफ्टवर चढवून पोट बघा. गाडी खाली बसलेली, आपले स्पीड-ब्रेकर उभे. ओरखडे असणारच, पण ऑइल सम्पवर ठोकर नको.
* टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, मॉलच्या पार्किंगच्या रॅम्पवर घ्या. पहिला गिअर, रिव्हर्स, थांबून पुन्हा उचलणं. गिअरबॉक्सचे झटके तिथेच कळतात.

कागदपत्रांचा कंटाळा

तो आपल्या सगळ्यांनाच. पण फॉर्म २९ आणि ३० शिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. आधीच्या मालकाचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. दिल्ली-बंगळुरूची गाडी स्वस्त वाटते, पण तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई आटते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर एचएसआरपी नंबर प्लेट लागली आहे का, बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आणि नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, तो गाडीसोबत मिळत नाही. गाडीत बदल केलेले असतील तर ते इन्शुरन्स कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

मग घ्यायची की नाही?

एक प्रश्न स्वतःला विचारा. ही गाडी पार्टसाठी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली, तर सोमवारी ऑफिसला कसं जाणार? 'बाइक आहे, मेट्रो आहे, घरी दुसरी गाडी आहे,' असं उत्तर असेल तर पुढे जा. 'हीच एक गाडी आणि हप्ता पगाराच्या निम्मा,' असं असेल तर थोडं थांबा. २०२२ साली आलेल्या स्लाविया किंवा व्हर्टसचं १.५ लिटर टर्बो इंजिन १५० पीएसचं आहे. आरएस नव्हे, मान्य. पण घाटात हसू येतं आणि महिनाअखेरीला रडू येत नाही.

आणि आरएसच घ्यायची असेल तर दोन हजार किलोमीटर कमी चाललेली गाडी शोधू नका, जाड फाइल असलेली शोधा. नव्वद हजार चाललेली, पण प्रत्येक बिल पंच करून ठेवणाऱ्या एखाद्या चिकट काकांची गाडी मिळाली, तर पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करू नका. चहा प्या, टोकन द्या आणि काकांचा नंबर सेव्ह करून ठेवा. लागेल.